विजेची गिटार पारखताना

१. प्रश्न कोठून सुरू होतो

‘विजेवर वाजणारी गिटार घ्यायची आहे, तर कोणती घ्यावी?’ असा प्रश्न ज्यांच्या घरात सोळा-अठरा वर्षांचे मूल आहे अशा पालकांकडून हल्ली वारंवार येतो, आणि प्रश्नापाठोपाठ बहुधा एक छायाचित्रही पुढे केले जाते. छायाचित्रात एखादा विख्यात वादक असतो, त्याच्या गळ्यात तांबड्या-पिवळ्या छटांची चकचकीत गिटार असते, आणि घ्यावयाची ती हीच, निदान हिच्यासारखी दिसणारी, असा फैसला दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच झालेला असतो. वाद्य आपण प्रथम पाहतो, मग हातात घेतो आणि सर्वांत शेवटी ऐकतो, त्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे. परंतु वाद्याचा रोजचा सहवास सुरू झाला म्हणजे हा क्रम पार उलटतो. गिटार मांडीवर घेऊन वाजवणाऱ्याला तिचा दर्शनी भाग दिसतच नाही. तो समोर बसलेल्याकडे वळलेला असतो. वादकाच्या वाट्याला येते ती गळ्याची, म्हणजे ‘नेक’ची, वरची कड, डाव्या तळव्यात बसणारी तिची पाठ, खांद्यावर पडणारा भार आणि कानावर येणारा नाद. मिरजेस तंबोरा घ्यावयास गेलेला गवई भोपळ्यावरील नक्षी पाहून क्षणभर थांबत असेल, पण बयाणा देण्यापूर्वी तो खर्जाची तार छेडून डोळे मिटतो आणि जवारी कशी बोलते ते ऐकतो. विजेच्या गिटारीची परीक्षाही त्याच शिस्तीने व्हावी, असे माझे निश्चित मत आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी या वाद्याचा आवाज उपजतो कोठे, तेथून आरंभ केला पाहिजे.

२. नाद कोठे उपजतो

साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारीत तारेचे कंपन घोडीवरून, म्हणजे ब्रिजवरून, पातळ लाकडी पृष्ठात उतरते, ते पृष्ठ थरथरू लागते, पोकळ पेटीतील हवा हलते आणि नाद खोलीभर पसरतो. तेथे लाकडाची जात, जाडी आणि पेटीचा आकार यांवर जवळजवळ सर्व काही अवलंबून असते. विजेच्या गिटारीत व्यवस्था निराळी आहे. तारांच्या खाली ‘पिकअप’ नावाचा एक लहानसा भाग बसवलेला असतो. त्यात लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या अत्यंत बारीक तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात. वरची पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात हलली की वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, तो दोरीवाटे ध्वनिवर्धकाकडे, म्हणजे अँपकडे, जातो आणि तेथे मोठा होऊन आपल्या कानी पडतो. नायलॉनची तार लावली तर हे यंत्र मुके राहील, कारण चुंबकाला नायलॉनची काहीच जाणीव नसते.

ही कल्पना व्यवहारात उतरवली ती 1931–32 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशँप आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी. त्यांचे पहिले वाद्य अ‍ॅल्युमिनियमचे होते, मांडीवर आडवे ठेवून वाजवण्याचे होते, आणि त्याचा घाट पाहून लोकांनी त्याला ‘फ्राइंग पॅन’ हेच नाव दिले. अमेरिकेच्या पेटंट कचेरीत, हे वाद्य खरोखर चालते काय, अशी शंका निघाल्यामुळे तेथे वादक पाठवून ते प्रत्यक्ष वाजवून दाखवावे लागले, आणि पेटंटचा दस्तऐवज हाती पडावयास 1937 साल उजाडले.

यापुढची पायरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. नाद तारेतून आणि पिकअपमधून येत असेल तर पोकळ पेटी हवी कशाला, असा विचार लेस पॉल या अमेरिकी वादकाने केला आणि 1940 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये पाइन लाकडाच्या सुमारे चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा, घोडी आणि पिकअप चढवून एक वाद्य सिद्ध केले. ते उत्तम वाजत होते. पेटीच्या घुमण्यामुळे उठणारी शिट्टीसारखी किंकाळी त्यात नव्हती आणि स्वराची आस लांबवर टिकत होती. पण पॉल पुढे सांगत असे की ते घेऊन तो एका मद्यगृहात वाजवावयास गेला तेव्हा श्रोत्यांनी त्याची दखलच घेतली नाही. मग त्याने एका जुन्या गिटारीची पेटी उभी कापून तिचे दोन अर्ध ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना बसवले, तेच वाद्य पुन्हा तेथेच वाजवले, आणि त्या वेळी मात्र श्रोते खूश झाले. नादात फरक पडावा असे त्या दोन पंखांत काही नव्हते. माणूस डोळ्यांनी ऐकतो, याचा हा पुरावा एका वादकानेच देऊन ठेवला आहे, आणि गिटार विकत घेणारा प्रत्येक जण त्या मद्यगृहातील श्रोत्याच्या जागी बसलेला असतो.

उलट बाजूनेही खातरजमा करता येते. गिटारवादक जिमी पेज म्हटले की रसिकांच्या नजरेपुढे गिब्सन कंपनीची ‘लेस पॉल’ गिटार उभी राहते. परंतु त्याच्या लेड झेपेलिन या वाद्यवृंदाच्या 1969 च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर त्याने मुख्यतः वाजवली ती फेंडर कंपनीची टेलिकास्टर, जेफ बेक या मित्राने भेट दिलेली. लाखो लोकांनी ती ध्वनिमुद्रिका ऐकली आणि बहुतेकांनी मनात लेस पॉलच पाहिली. ज्या गिटारींची पाठ-पोट दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे, म्हणजे हार्डबोर्डचे, होते त्या डॅनइलेक्ट्रो गिटारीही याच पेजने आणि इतर अनेक नामांकितांनी आनंदाने वाजवल्या आहेत.

लाकडाविषयी येथे एक शब्द लिहिणे भाग आहे, कारण विक्रेते त्याविषयी फार बोलतात. भरीव गिटारीच्या लाकडाने नादात किती फरक पडतो याविषयी जाणकारांत जुना कज्जा आहे. त्याचा निकाल काहीही लागो, पिकअपचा प्रकार, त्याची जागा, तारा, अँप आणि वादकाची बोटे यांच्यापुढे लाकडाचा वाटा लहान आहे. लाकूड निवडावे ते वजनासाठी आणि नेकच्या टिकाऊपणासाठी. त्याच्या रेषांसाठी अधिक पैसे मोजावयाचे असतील तर ते रेषांसाठीच मोजत आहोत, नादासाठी नव्हे, हे आपल्या मनाशी स्पष्ट असावे.

३. एक वेटोळे आणि दोन वेटोळी

पिकअपचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात एकच वेटोळे असते, त्याला ‘सिंगल कॉइल’ म्हणतात. त्याचा नाद स्वच्छ, टोकदार, प्रत्येक तार वेगळी ऐकू येईल असा असतो. फेंडरच्या टेलिकास्टर (1951) आणि स्ट्रॅटोकास्टर (1954) या गिटारींची ख्याती त्यावर उभी आहे. त्याचा दोष असा की घरातील विजेचा गुणगुणाटही ते वेटोळे इमानाने टिपते. आपल्याकडील वीज दर सेकंदाला 100 वेळा दिशा पालटते, त्यामुळे नळीच्या दिव्याखाली बसून अशी गिटार अँपला जोडली की पार्श्वभूमीला खालच्या स्वरातील एक अखंड घूं ऐकू येते. ती घरघर वाद्य बिघडल्याची खूण समजून नवशिके घाबरतात. ती त्या जातीचा धर्म आहे.

गिब्सनमधील सेथ लव्हर या तंत्रज्ञाने 1955 मध्ये यावर उपाय काढला. त्याने दोन वेटोळी शेजारी-शेजारी ठेवली, त्यांची जोडणी एकमेकांच्या उलट केली आणि चुंबकांची टोकेही उलट ठेवली. विजेचा गुणगुणाट दोन्ही वेटोळ्यांत सारखाच शिरतो, आणि जोडणी उलट असल्यामुळे एकातील दुसऱ्यातील खोडून टाकतो. तारेचा संदेश मात्र एकदा चुंबकामुळे आणि पुन्हा एकदा जोडणीमुळे, असा दोनदा उलटल्यामुळे पूर्ववत होतो आणि दोन्हींची बेरीज होते. या रचनेला ‘हंबकर’ म्हणतात. गुणगुणाट गेला, पण त्याबरोबर नादाची जातीही पालटली: तो अधिक भरीव, गोलाईचा आणि जोरकस झाला.

पिकअपच्या प्रकाराइतकेच महत्त्व त्याच्या जागेला आहे. एक छोटे गणित करू. स्ट्रॅटोकास्टरच्या मोकळ्या तारेची लांबी 648 मिलिमीटर, आणि तिचा नेकजवळचा पिकअप घोडीपासून सुमारे 162 मिलिमीटरवर असतो, म्हणजे तारेच्या बरोबर चौथ्या हिश्शावर. छेडलेली तार एकाच वेळी संपूर्ण, अर्ध्यात, तिसऱ्या हिश्शात, चौथ्या हिश्शात अशी अनेक प्रकारे कंपत असते, आणि चार भागांत कंपताना बरोबर या बिंदूपाशी ती जवळजवळ स्थिर राहते. जे हलत नाही ते पिकअपला ऐकू येत नाही. सबब चौथा उपस्वर मोकळ्या तारेत गळतो आणि मूळ स्वर पुष्ट होऊन येतो. घोडीजवळचा पिकअप चारेक सेंटिमीटरवरच असतो. तेथे मूळ स्वराचे हलणे अल्प आणि वरच्या उपस्वरांचा वाटा मोठा, म्हणून तो आवाज धारदार लागतो. बोट ठेवून तारेची लांबी बदलली की हे हिशेब बदलतात, पण कल आहे तो असाच राहतो.

स्ट्रॅटोकास्टरच्या मूळ स्विचला तीन पिकअपांसाठी तीनच खाचा होत्या. वादकांनी तो दोन खाचांच्या मध्ये अडकवून दोन-दोन पिकअप एकत्र वाजवले, त्यांना तो किंचित पोकळ, घंटेरी नाद आवडला, आणि अखेर 1977 मध्ये कारखान्यानेच पाच खाचांचा स्विच दिला. कारखान्यापुढे वादकांच्या कानाची दरखास्त मंजूर झाल्याचे हे उदाहरण मला फार प्रिय आहे.

४. हाताचे म्हणणे

नादाइतकीच, किंबहुना नवशिक्याच्या बाबतीत त्याहून अधिक, महत्त्वाची बाब म्हणजे गिटार हाताला कशी लागते ही होय. त्यात पहिली गोष्ट तारेची लांबी, जिला वादक ‘स्केल’ म्हणतात. फेंडरची स्केल 648 मिलिमीटर, गिब्सनची सुमारे 628. वीस मिलिमीटरांचे अंतर ते काय, असे वाटेल. पण तीच तार त्याच स्वराला लावावयाची तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 648 ला 628 ने भागले तर 1.03 येतात, त्याचा वर्ग सुमारे 1.06, म्हणजे लांब स्केलवर ताण शेकडा सहाने अधिक. तार आडवी ओढून मींड घेताना हा फरक बोटाच्या पेरांना लगेच कळतो. शिवाय पहिल्या चार फ्रेटांचा, म्हणजे नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांचा, पल्ला लांब स्केलवर सुमारे 134 मिलिमीटर आणि आखूड स्केलवर 130 असतो. लहान पंजाच्या मुलीला किंवा मुलाला हे चार मिलिमीटर एखादा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचा स्वरांचा समूह, साधण्या-न साधण्यास पुरेसे होतात.

दुसरी गोष्ट नेकचा घेर. काही नेक जाड, काही सपाट व पातळ. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही, तळव्याशी जमते की नाही एवढाच प्रश्न असतो. पातळ नेक म्हणजे वेगवान, हा सार्वत्रिक नियम मानू नये. मोठ्या पंजाच्या माणसाचा अंगठा पातळ नेकवर आखडतो आणि अर्ध्या तासात मनगट दुखू लागते. तिसरी गोष्ट फ्रेट बसवलेल्या फळीची गोलाई. जुन्या फेंडरांवर ही फळी बरीच गोल, म्हणजे सव्वासात इंच त्रिज्येच्या वर्तुळाच्या तुकड्याएवढी वाकलेली असते, तर गिब्सनवर ती त्रिज्या बारा इंच असल्यामुळे फळी सपाट वाटते. गोल फळीवर पूर्ण कॉर्ड सुखाने बसतात. पण तारा फार खाली घेतल्या असतील तर मींड ओढताना तार पुढच्या फ्रेटांना टेकून स्वर मध्येच मरतो.

चौथी गोष्ट वजन. भरीव गिटार साधारणतः तीन ते साडेचार किलोची असते, आणि दुकानातील पाच मिनिटांत हा फरक कळत नाही. काही गिटारींचे डोके जड असते. पट्टा अडकवून हात सोडला की नेक जमिनीकडे झुकते, आणि वादकाचा डावा हात स्वर धरण्याऐवजी वाद्य सावरण्यात गुंततो.

हाताच्या म्हणण्यापुढे बाकी सर्व विचार कसे मागे पडतात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे टोनी आयोमी. बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात 1965 मध्ये, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून या सतरा वर्षांच्या डावखुऱ्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली, आणि तार दाबावयाची ती नेमकी हीच बोटे होती. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले, आणि जाड तारा दाबणे असह्य होत असल्यामुळे बँजोच्या हलक्या तारा गिटारीवर चढवल्या. पुढे तारांचा ताण आणखी कमी व्हावा म्हणून त्याने सूरही खाली उतरवले. त्याच्या ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाच्या ज्या गंभीर, जडशीळ नादाने एक नवी संगीतपरंपरा सुरू झाली, त्या नादाच्या जडणघडणीत एका जखमी हाताच्या सोयीचा वाटा मोठा आहे.

५. चुलीच्या चौकटीतून घडलेले वाद्य

येथे थोडे थांबून एकच गिटार जवळून पाहू. 1963 मध्ये लंडनच्या परिसरात ब्रायन मे नावाच्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला विजेची गिटार हवी होती, आणि विकत घेण्याची ऐपत घरात नव्हती. त्याचे वडील विद्युत्-तंत्रज्ञ होते. बापलेकांनी मिळून ती घडवावयाचे ठरवले, आणि काम दोन वर्षे चालले. नेकसाठी एका जुन्या घरातील शेकोटीवरच्या महोगनीच्या चौकटीचे लाकूड मिळाले, त्याला लागलेल्या किडीची भोके काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीसाठी जुन्या मेजाचे ओक लाकूड आले. फळीवरील खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे घासून बसवली. स्वर हेलकावण्यासाठी जी तरफ हवी तिच्याकरता सुरीच्या पोलादी धारेवर घोडी तोलून धरली आणि तारांच्या ताणाला उत्तर म्हणून जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा लावल्या. तीन पिकअप आणि प्रत्येकाला दोन-दोन स्विच, एक तो चालू-बंद करण्यासाठी, दुसरा त्याचा संदेश उलटा करण्यासाठी. त्यामुळे तिच्यातून जितक्या निरनिराळ्या जातींचे नाद निघतात तितके दुकानातील फार थोड्या गिटारींतून निघत.

या वाद्याची नेक चांगलीच जाड आहे, स्केल आखूड म्हणजे 24 इंचांची आहे, आणि दर्शनी थाट साधा आहे. मुलाने आपल्या हाताला आणि कानाला विचारून प्रत्येक माप ठरवले, आणि पुढे क्वीन या वाद्यवृंदात जगभर कीर्ती मिळाल्यावर, हवी ती गिटार घेण्याची मुभा असताना, तो तीच वाजवत राहिला.

६. डोळ्यांची बाजू

डोळ्यांची बाजू ऐकून न घेता निवाडा देणे अन्यायाचे होईल. 1958 ते 1960 या काळात गिब्सनने काढलेल्या, मेपल लाकडाच्या ज्वालेसारख्या रेषा दाखवणाऱ्या तांबूस-पिवळ्या लेस पॉल आज कोट्यवधी रुपयांना जातात; परंतु त्या नव्या होत्या तेव्हा त्यांना उठाव नव्हता, दोन हजारांहूनही कमी निघाल्या, आणि कंपनीने तो घाटच 1961 पर्यंत बदलून टाकला. त्या पुन्हा मागणीत आल्या त्या एरिक क्लॅप्टनसारख्या वादकांनी 1966 च्या सुमारास त्यांचा नाद ऐकवल्यावर. म्हणजे ज्या रूपासाठी आज लोक वेडे होतात त्या रूपाला मोल आले ते नादाच्या पाठोपाठ. फेंडरचे सुप्रसिद्ध रंग तर मोटारगाड्यांसाठी बनवलेलेच रंग होते.

तरीही एक युक्तिवाद मला मान्य आहे. जी गिटार पाहून मन प्रसन्न होते ती कोपऱ्यातून उचलून वाजवावीशी वाटते, आणि नवशिक्याला रियाजाकडे नेणारी कोणतीही गोष्ट तुच्छ मानू नये. म्हणून माझी शिफारस अशी: हाताने आणि कानाने दोन-तीन गिटारी निवडाव्यात, आणि त्यांतून एक घेताना डोळ्यांना खुशाल मुखत्यार करावे. अगोदर रंग आणि मग नाद, हा क्रम मात्र कदापि ठेवू नये, कारण पिकअप बदलता येतो, तारा, घोडी, सुराच्या खुंट्या बदलता येतात, पण नेकचा घेर, स्केल आणि वजन बहुतेकांना आहे तसेच कायम पत्करावे लागते.

७. दुकानात

दुकानात गेल्यावर गिटार प्रथम अँपला न जोडताच वाजवावी. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट, खालपासून वरपर्यंत, एकेक स्वर सावकाश दाबून पाहावा. कोठे खरखर येते, कोठे स्वर लवकर मरतो, ते तेव्हाच कळते. नेकच्या कडेवरून तळवा फिरवावा. फ्रेटांची टोके बोचत असतील तर काम घाईत उरकले आहे असे समजावे. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर यांची रुजवात घालावी. दोन्ही एकच असले पाहिजेत. फरक असेल तर घोडीवरील स्क्रू फिरवून तो दूर होतो, पण तो तेथल्या तेथे दूर करून दाखवा, असे म्हणण्यास संकोचू नये. तारा फळीपासून किती उंच आहेत तेही पाहावे. बाराव्या फ्रेटपाशी दीड ते दोन मिलिमीटर उंची बहुतेकांना मानवते. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत पावसाळ्यात नेक किंचित वाकते, तेव्हा आतला पोलादी गज फिरवून ती सरळ करता येते की नाही, तो गज जाम तर नाही, याची खातरजमा जुनी गिटार घेताना अवश्य करावी. मग पट्टा लावून दहा मिनिटे उभे राहून वाजवावे.

यानंतर अँप. ज्या गिटारींची तुलना करावयाची त्या सर्व एकाच अँपवर, त्याच खुंट्या त्याच जागी ठेवून, आणि आवाज कानाला सारखाच लागेल अशा बेताने वाजवाव्यात. जी किंचित मोठ्याने वाजते ती कानाला चांगली वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे, आणि निवड पुष्कळदा तेथेच फसते. नाद प्रथम स्वच्छ ऐकावा, त्यात फाटलेपणाची भर नंतर घालावी, कारण फाटलेल्या आवाजाखाली पुष्कळ दोष झाकले जातात. शक्य असेल तर सोबत्याला वाजवावयास सांगून आपण पाठ फिरवून बसावे आणि नाद तेवढा नोंदवावा.

पैशांची वाटणीही याच वेळी ठरवावी. सर्व रक्कम गिटारीवर खर्चून उरलेल्या चिल्लरीत अँप घेणे ही मोठी चूक आहे, कारण शेवटी कानावर येतो तो अँपचाच आवाज. मध्यम किमतीची गिटार आणि चांगला अँप ही जोडी भारी गिटार आणि हलका अँप या जोडीला सहज मागे टाकते. जाणत्या कारागिराकडून तारांची उंची, नेकचा बाक आणि घोडी जुळवून घेण्यासाठीही थोडी रक्कम राखून ठेवावी. आणि भिंतीवर महिनोन्महिने टांगलेल्या गिटारीच्या तारा गंजून बोथट झालेल्या असतात, म्हणून पसंत पडलेल्या गिटारीवर नव्या तारा चढवून मागाव्यात, त्यांचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी द्यावेत, तारा ओढून-ताणून सुरात स्थिरावू द्याव्यात, आणि मग एकदा पुन्हा पहिल्यापासून ऐकावे.